नवीन घर : गिलावा झाला, आता फरशी-ओटा-खिडक्या-रंग... डोकं बंद पडलंय, मदत करा

नवी_चौकट :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज धागा काढायची पाळी आली. घराचं बांधकाम झालं, आतला गिलावा संपला, बाहेरचा चालू आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ताई तुम्ही फक्त सिलेक्शन द्या, बाकी माझ्यावर सोडा. हे "फक्त" म्हणजे काय ते गेल्या पंधरा दिवसांत कळलं. टाइल्सच्या दुकानातून तीन तासांनी बाहेर पडले तेव्हा मला बेज, आयव्हरी आणि ऑफ व्हाइट यातला फरक कळायला लागला होता पण आपण आलो कशाला होतो तेच विसरले होते. नवऱ्याला हॉलमधे मार्बलच हवंय, सासूबाई म्हणतात काहीही टाका पण घसरायला नको, आणि पुसायची मी त्यामुळे मला डाग न दिसणारं हवंय. ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, खिडक्या अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या), कपाटांना कुठलं प्लाय, सगळंच अधांतरी आहे. ज्यांनी हल्ली घर बांधलंय त्यांनी प्लीज लिहा, चुका असतील तर त्या आधी लिहा.

शून्य_बजेट :
दुकानात तीन तास थांबायचं नाही हो. एका तासानंतर सगळं आवडायला लागतं किंवा काहीच आवडत नाही, दोन्ही वाईट. नमुन्याचा एकेक तुकडा मागून घरी आणा आणि जिथे लागणार तिथेच ठेवून बघा. बाकी वाचतोय, आमचं पुढच्या वर्षी आहे.

ओळंबा :
ताई, मी साइटवर बरीच वर्षं काढलीत म्हणून उलटंच विचारतो, राग मानू नका. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालंय का? झालं असेल तर पाणी भरून ठेवून टेस्ट केली का? पाइपलाइनची प्रेशर टेस्ट झाली का? भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो आहेत का? नसतील आणि अजून कुठे उघडं दिसत असेल तर आजच काढा, शेजारी मोजपट्टी धरून काढा, उद्या भिंतीत ड्रिल मारताना तेच कामाला येतात.

दुसरं म्हणजे जाडी. सगळे रंगावर भांडतात, जाडी कुणी विचारत नाही. साधारण व्हिट्रिफाइड (जास्त तापवून घट्ट केलेली) टाइल ९-१० मिमीची, ती केमिकलवर म्हणजे अ‍ॅडहेसिव्हवर लावली की त्याचे ३ ते ६ मिमी धरा, पण त्यासाठी खालचा कोबा (काँक्रीटचा थर) आधीच लेव्हलमधे हवा. तीच सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली तर खाली ४०-५० मिमीचा थर येतो. मार्बल स्वतःच १८-२० मिमी. आता हॉलमधे मार्बल आणि आतल्या खोल्यांत टाइल असं ठरवलंत आणि गवंड्याला आधी सांगितलं नाहीत तर दारात पायरी तयार होते, किंवा चौकटी बसल्यावर दार खालून रंध्यानं तासायला लागतं. त्यामुळे कुठे काय येणार एवढं तरी चौकटी बसायच्या आधी ठरवा, रंग-डिझाइन नंतर बघा. आणि बाथरूमची फरशी खोलीपेक्षा १५-२० मिमी खाली ठेवायला सांगा, नाहीतर पाणी थेट पलंगाखाली.

नवी_चौकट :
अहो दादा राग कसला, उलट पोटात गोळा आला. वॉटरप्रूफिंग झालंय असं सांगितलंय. टेस्ट विचारली नाही. फोटो काही आहेत पण मोजपट्टीशिवाय. शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला सोडायचं ती भिंतीतली चावी) मात्र बसलाय, तो भिंतीतून जरा जास्तच बाहेर वाटतोय, पण प्लंबर म्हणाला टाइल लागली की बरोबर होईल.

ओळंबा :
होईलही, पण मोजून बघा. कन्सील्ड डायव्हर्टरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर दोन रेघा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेघांच्या मधे आला पाहिजे. म्हणजे गिलावा, अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल सगळं धरून. फार आत गेला तर मुठीचा दांडा पोचत नाही, एक्स्टेन्शन शोधत फिरा. फार बाहेर राहिला तर कव्हर प्लेट भिंतीला टेकत नाही, मागे फट राहते आणि तिथून पाणी आत जातं. आता सांगा, बाथरूमची टाइल कुठली हे माहीत नसताना प्लंबरनं कशाच्या हिशोबानं बसवला? अंदाजानं. जुन्या मुरलेल्या प्लंबरचा अंदाज बरोबर येतो, पण आपण पट्टी लावावी.

टाइलवाली :
मी या धंद्यात नाही पण स्वतःच्या घराच्या वेळी इतकं वाचलं की घरच्यांनी हे नाव ठेवलं. :) थोडक्यात सांगते (होणार नाही थोडक्यात). भिंतीला लावतात ती चकचकीत सिरॅमिक टाइल पाणी शोषते, आपल्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर, म्हणून मालावर लावायची तर आधी पाण्यात भिजत घालतात. व्हिट्रिफाइड शोषते ०.५ टक्के किंवा त्याहून कमी. ऐकायला मस्त वाटतं, डाग शोषत नाही वगैरे, पण त्याच कारणानं ती साध्या सिमेंटच्या मालालाही धरत नाही, माल तिच्या आत शिरतच नाही ना. भिंतीवर मोठी व्हिट्रिफाइड साध्या मालावर लावली की काही महिन्यांनी सुटते. तिला पॉलिमरवालं अ‍ॅडहेसिव्हच पाहिजे आणि तेही दात्याच्या थापीनं पूर्ण पसरून. कारागीर पाठीवर पाच ठिकाणी ढेकळं ठेवून टाइल चिकटवतात, घाई असते, ते करू देऊ नका, मधे पोकळ राहतं. लागून दोन दिवस झाले की नाण्यानं टकटक करत फिरायचं. आमच्या हॉलमधे अकरा पोकळ निघाल्या आणि मी खडूनं फुल्या मारून ठेवल्या, मिस्त्री माझ्याकडे असा बघत होता जसं काही मी त्याची वहीच तपासली.

प्रकार म्हणाल तर फुल बॉडी म्हणजे आरपार एकच रंग, टवका उडाला तरी पटकन दिसत नाही. डबल चार्ज म्हणजे वर ३-४ मिमीचा रंगीत थर, रहदारीच्या जागी चांगली पण डिझाइन मर्यादित. आणि जीव्हीटी म्हणजे वर छपाई आणि ग्लेझ, मार्बलसारखी, लाकडासारखी दिसणारी जी दुकानात बघून आपण वेडे होतो ती बहुतेक ही. दिसायला सुंदर, पण जड भांडं कडेवर पडलं की खालचा रंग दिसतो.

सासूबाईंसाठी : नुसतं "अँटी स्किड आहे" यावर विश्वास नको, आर रेटिंग विचारा. आर ९ पासून आर १३ पर्यंत असतं, आकडा वाढला की पकड वाढते. मात्र ही चाचणी बूट घालून तेल टाकलेल्या उतारावर करतात. ओल्या अनवाणी पायांसाठी वेगळी ए-बी-सी श्रेणी असते, बाथरूमला ती विचारा, बी मिळाली तर छान. फार खरखरीत घेतलीत तर मळ धरते आणि मग पुसणारी तुम्हीच आहात.

मेणाचं_घर :
+१ पोकळ टाइलवर. आणि एक, सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर आणि बॅच एकच आहे का ते उतरवून घेतानाच बघायचं, आणि निदान दहा टक्के जास्त घ्यायच्या. आम्ही मोजून घेतल्या, सहा कमी पडल्या, नंतर आणल्या त्या जरा पिवळट. आता त्या सहा टाइल्सवर सोफा आहे. सोफा कुठे ठेवायचा हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही.

संगमरवरी_मन :
सगळे मार्बलला नावं का ठेवतात कळत नाही. आमच्या घरात वीस वर्षं आहे, उन्हाळ्यात पायाला जो गारवा लागतो तो तुमच्या छापील टाइलला येणार नाही. शिवाय खराब झालं तर घासून पॉलिश करता येतं, टाइल घासून दाखवा. नवी_चौकट ताई, नवऱ्याचं ऐका.

टाइलवाली :
पायाखाली गार लागण्याचं म्हणाल तर टाइलही लागतेच हो, दोन्ही उष्णता पटकन ओढून घेतात, लाकूड ओढत नाही एवढंच. पॉलिशचा मुद्दा मान्य. पण मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच सख्खा भाऊ. काहीही आंबट सांडलं, अगदी बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड, तर दगडच विरघळतो आणि चकाकी जाऊन पांढुरका ठिपका उरतो. तो डाग नाहीये, त्यामुळे कितीही पुसा जाणार नाही, आणि सीलर लावला तरी हे थांबत नाही, सीलर फक्त शोषणं कमी करतो. आणि मऊ पण आहे, कठीणपणा मोजायच्या मोह्जच्या पट्टीवर ३. चपलेखाली येणाऱ्या वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक माणूस थोडं थोडं पॉलिश घेऊनच आत येतो.

संगमरवरी_मन :
म्हणूनच चपला बाहेर काढायच्या असतात. :)
गंमत सोडा, ठिपके आहेत आमच्याकडे, नाही म्हणत नाही. पण घर वापरलेलं दिसतं त्यात मला वाईट वाटत नाही. ज्याला वाटतं त्यानं घेऊ नये. मात्र घेणार असाल तर ब्लॉक एकच हवा, लाद्या आधी जमिनीवर सुक्या मांडून शिरा जुळवून नंबर घालायचे आणि मगच बसवायच्या. आणि पांढरं मार्बल साध्या करड्या सिमेंटवर बसवू नका, खालून काळपट ओल वर येते, पांढरं सिमेंट वापरा. स्वयंपाकघर आणि बाथरूममधे मीही लावलं नाही, तेवढी अक्कल होती.

ओळंबा :
हा सल्ला बरोबर आहे. भांडण मिटलं म्हणायचं का? :)

रंधा :
ओट्याबद्दल मी लिहितो. ग्रॅनाइटच घ्या, गडद घ्या, विषय संपला. ग्रॅनाइटमधे क्वार्ट्झ आणि फेल्स्पार, दोन्ही कठीण, आंबटाला दाद देत नाही, तापलेलं भांडं ठेवलं तरी सहसा काही होत नाही. क्वार्ट्झ म्हणून जे विकतात तो बनवलेला दगड, नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन. दिसायला एकसारखा, सीलर लागत नाही, हे खरं. पण रेझिनला उष्णता सोसत नाही, शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं की पिवळा गोल उमटतो, आणि थेट ऊन पडत असेल तर काही रंग पिवळे पडतात.

आणखी एक गोष्ट जी शोरूममधे कुणी सांगत नाही. तो कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका फार जास्त असते आणि ती फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कामगारांना इतका झाला की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून हा दगड वापरायलाच बंदी घातली. ग्रॅनाइटमधेही सिलिका असते पण बरीच कमी. त्यामुळे कुठलाही दगड असू दे, तुमच्या घरात सिंकचं भोक कापायला जो पोरगा येईल त्याला कोरडं कापू देऊ नका. पाणी सोडून कापायला सांगा, मास्क द्या, आणि शक्यतो मापं देऊन बाहेरूनच कापून आणा. आमचे वडील सुतार, लाकडाच्या भुशानं त्यांची छाती कायम भरलेली असायची म्हणून मला हे जास्त टोचतं.

प्लायबद्दल. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, पाणी सोसणारं नव्हे, लोक इथेच फसतात. बेडरूमच्या कपाटांना चालतं. सिंकखाली बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) घ्या, त्यातला डिंक फिनॉलचा असतो, उकळत्या पाण्यातही थर सुटायला नकोत. एमडीएफ शटरला गुळगुळीत छान दिसतं पण कड उघडी राहिली आणि पाणी लागलं की फुगतं आणि परत बसत नाही. सुताराला सांगून ठेवा, कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे, न दिसणारी पण, सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक पण. शंका असेल तर तुकडा मागून घ्या, आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी स्वतःच सांगेल तो कोण आहे.

शून्य_बजेट :
रंधा दादा, "सकाळी स्वतःच सांगेल तो कोण आहे" हे फ्रेम करून लावतो.

पोपडा :
आयडीवरून कळलंच असेल माझं काय झालं. घाई केली. गिलावा ओला असताना पुट्टी मारली, त्यावर लगेच रंग, कारण राहायला जायची तारीख ठरली होती. चार महिन्यांत भिंतीला फोड आले, मग पांढरा खार फुटला, मग पापुद्रे. पेंटरनं रंगाला दोष दिला, दुकानदारानं पेंटरला, दोघं बरोबर नव्हते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यात पाणी तर असतंच, शिवाय तो अल्कलाइन असतो, पीएच १२ च्या वर. पाणी बाहेर यायला बघतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि वरचा रंगाचा थर त्याला अडवतो. मग थर हरतो. गिलाव्याला निदान २८ दिवस तरी द्या, दमट हवा असेल तर अजून. तपासायला सोपी युक्ती, दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून तयार नाही. जिप्समचा गिलावा असेल तर क्युरिंगचं पाणी लागत नाही, तो लवकर तयार होतो, पण ओल्या जागी त्याला नेऊ नका.

रंग निवडताना कॅटलॉगमधला बोटाएवढा चौकोन बघून ठरवू नका, मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो. दोन फुटी पुठ्ठा रंगवून घ्या, तो सकाळी दुपारी आणि रात्री वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून बघा. रात्री म्हणजे जे दिवे खरोखर लावणार आहात त्यांच्याखाली. दुकानात ६५०० केल्विनचा पांढरा उजेड असतो, घरी ३००० चा पिवळसर लावतो, मग करडा म्हणून आणलेला रंग हिरवट का दिसतो म्हणून पेंटरशी भांडतो. आणि भिंत उंचसखल असेल तर चकचकीत फिनिश नको, मॅट सगळं पोटात घेतो.

नवी_चौकट :
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, वही घेऊन बसलेय. पोपडा दादा, आमच्याकडे पण तारीख ठरवायची घाई चाललीये, तुमची पोस्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवली. खिडक्यांचं कुणी सांगेल का?

मेणाचं_घर :
आम्ही यूपीव्हीसी लावल्या. आतून स्टीलचं मजबुतीकरण आहे का ते विचारा, मोठ्या पल्ल्याला ते नसेल तर वाकतं. साधं अ‍ॅल्युमिनियम उष्णता सरळ आत आणतं, मधे थर्मल ब्रेक (उष्णता अडवणारी पट्टी) असलेलं घेतलं तर फरक पडतो पण महाग. खरं सांगायचं तर मटेरियलपेक्षा प्रकारानं जास्त फरक पडला, सरकत्या खिडकीला फट राहतेच, बिजागरीवर उघडणारी रबरावर दाबून बसते, रस्त्याचा आवाज आणि धूळ दोन्ही कमी. बेडरूमला ती केली. काच टफन्ड घेणार असाल तर माप दहादा तपासा, एकदा टफन झाली की कापता येत नाही. आमची एक अर्धा इंच मोठी आली, ती अजून माळ्यावर उभी आहे, कुणाला हवी असल्यास सांगा.

ओळंबा :
ताई, पाणी भरलंत का?

नवी_चौकट :
भरलं! तेच सांगायला आले. कॉन्ट्रॅक्टर जरा फुगला पण तयार झाला. दोन्ही बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळे मारून चार बोटं पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली.

ओळंबा :
शाब्बास. आता एक करा, एका पसरट घमेल्यात पाणी भरून त्याच बाथरूममधे ठेवा, त्यालाही रेघ मारा. हवेनं किती उडालं ते घमेलं सांगेल. ते नसलं की "पाणी वाळलं असेल" म्हणून वाद घालतात. निदान ४८ तास ठेवा आणि खालच्या खोलीचं छत रोज बघा.

नवी_चौकट :
(दोन दिवसांनी)
खालच्या मजल्यावरचं बाथरूम पास. वरच्याचं पाणी रेघेपासून बोटभर खाली गेलंय, घमेल्यातलं जेमतेम हललंय. खाली छताला रुपयाएवढा ओला डाग. कॉन्ट्रॅक्टर आला, दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला परत करून देतो. याच बाथरूमची टाइल मी सगळ्यात आधी फायनल केली होती, माझी सगळ्यात आवडती, परवा लागायला सुरुवात होणार होती. दुकानात फोन करून डिलिव्हरी थांबवली. डायव्हर्टर पण मोजला, टाइलची जाडी धरून ७ मिमी बाहेर राहत होता, तोही आता भिंत फोडायचीच आहे तर आत सरकवतोय.

बाकी ठरलं ते असं, हॉलमधे मार्बल नाही, नवऱ्यानं स्वतःच माघार घेतली, जाडीचं गणित ऐकून की खडूच्या भावाबद्दल ऐकून ते माहीत नाही. ओटा काळं ग्रॅनाइट. रंगाचे पुठ्ठे आजपासून भिंतीला टेकवलेत, सासूबाई प्रत्येकाजवळ थांबून बघतायत आणि सगळ्यांना "बरा आहे" म्हणतायत. प्लायचा तुकडा बादलीत आहे.
वरच्या बाथरूममधे गळती नेमकी कुठे असेल, फरशीच्या मधे की कडेला? सगळंच उखडायला लागेल का?

ओळंबा :
मधे क्वचित. आधी ट्रॅपच्या भोवती आणि पाइप स्लॅबमधून जिथे खाली जातात तिथे बघा, मग फरशी आणि भिंत मिळतात ते कोपरे. कोपऱ्यात गोलाई केली आहे का आणि वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान फूटभर चढवलाय का ते बघा, शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वर गेला पाहिजे. दुरुस्ती झाली की परत पाणी भरायचं, घमेल्यासकट. आणि फरशी लागताना उतार मीटरला एक सेंटीमीटर, ट्रॅपकडे. गोटी टाकून बघा, ती आपोआप तिकडे गेली पाहिजे.

शून्य_बजेट :
ताई बादलीतल्या प्लायचं काय झालं ते सांगायला विसरू नका.

नवी_चौकट :
फुगला. :( सुताराला फोटो पाठवलाय, अजून रिप्लाय नाही.